कहाण्यांना रूप देणारा चित्रकार

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. पुढच्याच वर्षी लंडनच्या मॅकमिलन प्रकाशनाने 'डेक्कन नर्सरी टेल्स' हे मुलांचे पुस्तक प्रसिद्ध केले. लेखन सी. ए. किंकेड या सनदी अधिकाऱ्याचे, तर चित्रे महादेव विश्वनाथ धुरंधर यांची. फाळके आणि धुरंधर दोघेही मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. फाळक्यांचे नाव नाशिककरांच्या ओठांवर आहे. धुरंधरांच्या या पुस्तकाचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे झाला. १८९० मध्ये ते जे. जे.मध्ये दाखल झाले. राजा रविवर्मा यांच्या चित्रांचा त्यांच्या मनावर खोल ठसा होता. १८९५ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले आणि १८९६ पासून ते आपल्याच कलाशाळेत शिकवू लागले.

त्यापूर्वीच इंग्लंडमध्ये मुलांच्या सचित्र पुस्तकांचे युग अवतरले होते. रँडॉल्फ कॅल्डेकॉट, केट ग्रीनअवे आणि वॉल्टर क्रेन यांची रंगीत चित्रे एडमंड इव्हान्स यांच्या छापखान्यातून बाहेर पडून घरोघरी पोहोचली होती. मराठी मुलांच्या वाट्याला असा थाट नव्हता. त्यांच्या गोष्टी आजी-आईच्या मुखी होत्या. श्रावणात हातात अक्षता घेऊन ऐकलेली सोमवारची खुलभर दुधाची कहाणी, नागोबाची कहाणी, दिव्यांच्या अवसेची कहाणी हेच त्यांचे बालवाङ्मय.

किंकेड यांनी नेमक्या याच कहाण्या इंग्रजीत आणल्या. त्यांना चित्ररूप देण्यासाठी धुरंधरांइतका योग्य हात दुसरा नव्हता. नऊवारीचा घोळ, अंगावरचे दागिने, सणवार आणि घरातील रीतिरिवाज हे त्यांच्या नित्य निरीक्षणाचे विषय होते. परक्याच्या नजरेतील नवलाई त्यांना रंगवायची नव्हती. ती त्यांच्या घरातलीच माणसे होती.

या यशाला एक सल मात्र आहे. गोष्टी मराठी, चित्रकारही मराठी. पण पुस्तक इंग्रजी. ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या या कहाण्या जपल्या, त्यांतील बहुतेकींना ते वाचता येणे शक्य नव्हते.

धुरंधरांनी एडवर्ड्स यांच्या मुंबईविषयक पुस्तकासाठी आणि रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथासाठीही चित्रे काढली. १९२७ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर किताब दिला. तरीही कलाशाळेचे संचालकपद १९३० मध्ये त्यांच्याकडे आले ते केवळ हंगामी म्हणून. ते या पदावर बसलेले पहिले भारतीय होत. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून तेथे घालवलेल्या काळाच्या आठवणी त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या ग्रंथात नोंदविल्या.

१९४४ च्या फेब्रुवारीत नाशिकमध्ये फाळक्यांनी जगाचा निरोप घेतला आणि त्याच वर्षी १ जून रोजी धुरंधरांचे निधन झाले. एकाने पुराणकथेला हालते रूप दिले, तर दुसऱ्याने घरातल्या कहाणीला चेहरा. श्रावणात आजही कहाण्या वाचल्या जातात. ज्या हातांनी त्यांतील राजाराण्यांना नऊवारी नेसवली, त्या हातांचेही त्या वेळी स्मरण व्हावे.