गोदूताई आणि वेठीचा अंत

टिटवाळा म्हटले की कल्याण-डोंबिवलीकरांना महागणपतीचे मंदिर आणि अंगारकीची गर्दी आठवते. याच गावी ७ जानेवारी १९४५ रोजी शेतकऱ्यांची एक परिषद भरली आणि तीतून महाराष्ट्रातील किसान सभा उभी राहिली, ही आठवण मात्र आता पुसट झाली आहे. उंबरगाव तालुक्यातून आलेले मोजके वारली त्या मांडवात बसले होते. माह्या धांगडा हे त्यांपैकी एक. परिषदेसाठी गावोगाव पायपीट केलेल्या गोदावरी परुळेकर यांच्या आयुष्याला आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या इतिहासालाही येथूनच वेगळे वळण मिळाले.

गोदावरीबाईंचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात, गोखल्यांच्या सुस्थित घरात झाला. वडील लक्ष्मणराव नामांकित वकील होते. कायद्याची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातील पहिल्या स्त्रियांमध्ये गोदावरीबाईंची गणना होते. १९३२ मध्ये सत्याग्रहात तुरुंगवास पत्करल्यावर वडिलांशी मतभेद झाले आणि त्यांनी घर सोडले. नामदार गोखल्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. १९३९ मध्ये श्यामराव परुळेकरांशी विवाह, त्याच वर्षी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश आणि पाठोपाठ युद्धविरोधी प्रचाराबद्दल कारावास, असा हा प्रवास होता. सुटकेनंतर त्यांनी कल्याण आणि मुरबाड तालुक्यांतील शेतकऱ्यांत काम आरंभले.

जिल्ह्याच्या उत्तर टोकाला वारल्यांची स्थिती काय होती, हे सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३९ च्या आपल्या अहवालात वेठ, मारहाण आणि खांबाला बांधून होणारा छळ यांची नोंद केली होती. मूळच्या जमीनधारकांच्या जमिनी सावकारांच्या आणि जमीनदारांच्या नावावर गेल्या होत्या आणि कालचे मालक आज त्याच शेतात कुळे म्हणून राबत होते. लग्नासाठी थोडी रक्कम कर्जाऊ घेतली की नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरी बांधले जात. त्यांना लग्नगडी म्हणत. कर्ज कधी फिटत नसे, कारण हिशेबाची वही सावकाराजवळ आणि अक्षरज्ञानही त्याच्याजवळच. अहवाल दप्तरात राहिला. वेठ चालूच राहिली.

गोदूताईंनी निराळी वाट धरली. रानवाटा तुडवीत त्या पाड्यांवर गेल्या, झोपड्यांत राहिल्या, तेथे मिळेल ते खाल्ले. पांढरपेशा माणसाकडे वारली भीतीने पाहत. ती भीती समजून घेणे हा त्यांचा पहिला धडा होता. टिटवाळ्यानंतर साडेचार महिन्यांनी, २३ मे १९४५ रोजी, झरी गावी वारल्यांची परिषद भरली. सुमारे ५,००० माणसे जमली. रोख बारा आणे रोज मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या जमिनीवर काम करायचे नाही, वेठ द्यायची नाही, मारहाण सोसायची नाही आणि एकजूट सोडायची नाही, असा निर्धार झाला. नंतरच्या आठवड्यांत लग्नगडी मोकळे होऊ लागले. पिढ्यान् पिढ्यांचा धाक इतक्या थोड्या काळात ओसरला, कारण तो झुगारण्याचा निश्चय वारल्यांनी स्वतः केला होता.

पावसाळा सरताच गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न उभा राहिला. ५०० रत्तल गवतामागे अडीच रुपये ही मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. गोदूताईंच्या जीवाला धोका असल्याची अफवा जमीनदारांच्या माणसांनी पसरवून लोकांना तेथे आणले, असे किसान सभेचे म्हणणे होते. त्या मात्र तेथे नव्हत्याच. पुढे प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, तरी परुळेकर दांपत्याच्या वाट्याला जिल्हाबंदी आली. स्वराज्य उंबरठ्यावर असताना स्वराज्याचे सरकार आणि जंगलातले लोक समोरासमोर उभे ठाकले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

त्यानंतरही त्यांना तुरुंगवास चुकला नाही. ३ ऑगस्ट १९६५ रोजी श्यामरावांचे कारावासातच निधन झाले. १९७० मध्ये 'जेव्हा माणूस जागा होतो' प्रसिद्ध झाले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला लाभला. शहरी वाचकाला आपल्याच जिल्ह्याची ओळख त्या पुस्तकाने करून दिली. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पक्षाशी मतभेद असलेल्यांनाही त्यांच्या त्यागाविषयी शंका नव्हती.

वेठबिगारी कायद्याने बंद होण्यासाठी १९७६ उजाडावे लागले आणि वनहक्कांचा कायदा २००६ मध्ये आला. कायदा झाला तरी सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत आदिवासींना खेटे घालावे लागतात. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला किसान सभेचा मोर्चा ठाण्यावरून मुंबईत शिरला, तेव्हा वनजमिनीचा हक्क हीच त्यातील आदिवासींची प्रमुख मागणी होती. दहावीच्या विद्यार्थ्यांना त्रास नको म्हणून ती माणसे शेवटचा टप्पा रात्रीच चालून गेली. शहरवासीयांनी त्यांना पाणी दिले, खाऊ घातले.

तो जिव्हाळा खराच होता. परंतु उत्तरेकडील आदिवासी तालुके २०१४ मध्ये पालघर जिल्ह्यात गेले आणि आपल्या नकाशातून निघून गेले, म्हणून त्यांचे देणे फिटले असे होत नाही. वारली चित्रे आज ठाण्या-डोंबिवलीतील अनेक दिवाणखान्यांच्या भिंतींवर दिसतात. ती काढणाऱ्यांची जमीन कोणाच्या नावावर गेली आणि परत किती आली, हे विचारण्याइतकी ओळख वाढली, तर टिटवाळ्याच्या मांडवात सुरू झालेले काम पुढे सरकेल.