पाखरांची कीर्द-खतावणी

गेल्या डिसेंबरात एका रविवारी सकाळी मी आपल्या बेळगावच्या किल्ल्यासमोरील तळ्याच्या काठी वही घेऊन बसलो होतो. माझे कन्नड भाषिक मित्र या तळ्याला कोटे केरे म्हणतात. टिबुकल्या बुड्या मारीत होत्या. एक खंड्या तारेवर ध्यान लावून बसला होता. मधल्या पाण्यात वारकरी तरंगत होते. अंग काळे आणि कपाळी पांढरा टिळा, म्हणून या पाणपक्ष्याला हे नाव. मी ते मोजले, तर एकवीस भरले. पुन्हा मोजले, तर सव्वीस! वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असून ताळा जमेना, याचे माझे मलाच हसू आले. त्याच वेळी, असा ताळा जमविण्यात ज्यांनी सारे आयुष्य घालविले, त्या डॉ. सलीम अलींची आठवण झाली.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते वर्षाचे असताना वडील वारले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीतील आपल्या घरी त्यांना वाढविले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे घरात कोणालाच सांगता येईना. तेव्हा मामांनी चिठ्ठी देऊन त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्ड यांनी ती चिमणी तर ओळखलीच, शिवाय संग्रहातील पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखविले. एका पोराच्या प्रश्नाला मोठ्या माणसाने वेळ दिला आणि त्यातून पुढचे सारे घडले.

पण पुढची वाट सरळ नव्हती. सेंट झेवियर्स कॉलेज त्यांनी पहिल्या वर्षानंतरच सोडले आणि ब्रह्मदेशात तवॉय येथे घरच्या खाणीच्या धंद्यात गेले. तेथे धंद्यापेक्षा भोवतालच्या रानातच ते अधिक रमले. १९१७ साली परत आल्यावर मुंबईच्या दावर कॉमर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र शिकू लागले. हे वाचले तेव्हा ते मला एकदम आपल्याच वर्गातले वाटले! सकाळी जमाखर्च आणि त्यानंतर फादर ब्लॅटर यांच्या सांगण्यावरून झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, असा त्यांचा क्रम होता. विद्यापीठाची पदवी मात्र हाती नव्हती, त्यामुळे सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातील जागा हुकली. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये साडेतीनशे रुपये पगारावर मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि स्ट्रेसमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. १९३० साली परत येतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली!

वयाच्या चौतिसाव्या वर्षी बेकार झालेला हा माणूस पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळ किहीम येथे जाऊन राहिला. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. सलीम अली रोज तासन् तास तिच्यावर नजर ठेवीत आणि जे दिसे ते टिपून ठेवीत. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच संसार मांडते. मग नर शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो. हे सारे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. पगार थांबला होता, नोंद थांबली नव्हती.

पुढे त्यांनी संस्थानांपुढे एक प्रस्ताव ठेवला : खर्च तुम्ही सोसा, मी बिनपगारी पक्ष्यांची पाहणी करतो. हैदराबाद, त्रावणकोर, म्हैसूर अशी एकेक संस्थाने त्यांनी पायाखाली घातली. कावेरीवरील रंगनथिट्टूची बेटे १९४० साली अभयारण्य झाली, ती त्यांच्याच आग्रहामुळे. मुक्कामाच्या हालअपेष्टांत तेहमिनांची साथ असे. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. दोन वर्षांनी, १९४१ साली, त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक बाहेर पडले.

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडतापाची साथ उद्भवली. दूरच्या देशांतून येणाऱ्या पाखरांबरोबर गोचिडी येऊन हा रोग पसरला असेल काय, अशी शंका निघाली. तिचा छडा लावण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घातली. पाखरांनी रोग आणल्याचे काही सिद्ध झाले नाही. पण भरतपूरला कडी घातलेली बदके रशियात सापडली आणि आपल्या तळ्यांवरचे पाहुणे कोठून येतात, हे कळू लागले.

हे भरतपूर म्हणजे शहराला लागून असलेली, बांध घालून मुद्दाम तयार केलेली पाणथळ जागा. १९३८ साली व्हाइसरॉयच्या शिकारीत तेथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले होते. स्वातंत्र्यानंतर पाणी काढून तेथे शेती करावी, अशी मागणी झाली. सलीम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत जाऊन ती जागा वाचविली. १९८२ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, गुरे चारण्यास बंदी आली. संतापलेल्या गावकऱ्यांवर गोळीबार होऊन काहींचे प्राण गेले. ही बंदी सलीम अलींनाही हवी होती. पण म्हशी गेल्यावर गवत माजून पाणी झाकू लागले आणि पाखरांचीच जागा आक्रसली. हे दाखवून दिले ते त्यांच्याच सोसायटीच्या दहा वर्षांच्या अभ्यासाने. त्याचा निष्कर्ष आला तेव्हा ते हयात नव्हते. गेलेले जीव कोणत्याही नोंदीने परत येत नाहीत. तरीही मला वाटते, प्रामाणिक वही ती सुरू करणाऱ्याचीही चूक लपवीत नाही, आणि अशीच वही ठेवायला त्यांनी सोसायटीतल्या माणसांना शिकविले होते.

रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९७४ साली पुरा झाला. १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. गेटी पारितोषिकाचे पन्नास हजार डॉलरही आले, त्यांतील बहुतेक रक्कम त्यांनी सोसायटीला देऊन टाकली. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्या रविवारी मी तिसऱ्यांदा मोजले, तेव्हा चोवीस भरले. वहीत तिन्ही आकडे तसेच ठेवले आहेत, खोडलेला एकही नाही. येत्या हिवाळ्यात दर रविवारी मोजायचे ठरविले आहे. कोणाला यायचे असल्यास सकाळी साडेसहाला काठावर यावे. दोघांनी मोजले तर ताळा लवकर जमेल.