गाय गिब्सन

विंग कमांडर गाय पेनरोज गिब्सन (१२ ऑगस्ट १९१८ – १९ सप्टेंबर १९४४) हे दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश बॉम्बफेकी वैमानिक होते. मे १९४३ मध्ये जर्मनीतील धरणांवर झालेल्या हवाई हल्ल्याचे नेतृत्व त्यांनी केले. त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला.

प्रारंभिक जीवन

गिब्सन यांचा जन्म शिमला येथे झाला. त्यांचे वडील हिंदुस्थानच्या वनसेवेत अधिकारी होते. वयाच्या सहाव्या वर्षी ते आई व भावंडांसह इंग्लंडला गेले. ऑक्सफर्डच्या सेंट एडवर्ड्स स्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले व १९३६ मध्ये ते रॉयल एअर फोर्समध्ये दाखल झाले.

युद्धसेवा

युद्ध पुकारले गेले त्याच दिवशी, ३ सप्टेंबर १९३९ रोजी, ८३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून त्यांनी हॅम्पडेन विमानातून पहिली मोहीम केली. त्यानंतर काही काळ ते रात्रीच्या लढाऊ विमानांवर होते. एप्रिल १९४२ मध्ये १०६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची धुरा त्यांच्याकडे आली.

मार्च १९४३ मध्ये स्कॅम्प्टन येथे ६१७ क्रमांकाची स्क्वाड्रन त्यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली. बार्न्स वॉलिस यांनी पाण्यावरून उसळत जाणारा बॉम्ब तयार केला होता. तो अवघ्या ६० फूट उंचीवरून सोडावा लागे. १६ मेच्या रात्री १९ लँकेस्टर विमाने १३३ जणांसह निघाली. मोने धरणावर पहिला बॉम्ब गिब्सन यांनी टाकला. नंतर शत्रूच्या तोफांचे लक्ष आपल्याकडे वेधण्यासाठी ते सहकाऱ्याच्या विमानाशेजारून उडत राहिले. मोने व एडर ही धरणे फुटली. सोर्पे धरण मात्र टिकले. ८ विमाने परतली नाहीत, ५३ जण मृत्युमुखी पडले व तिघे कैद झाले. पुरात सुमारे १,३०० माणसे बुडाली. त्यांत सक्तीने मजुरीला आणलेले परदेशी शेकडोंनी होते.

विमानातील सहकारी

त्या रात्री गिब्सन यांच्या विमानात आणखी सहा जण होते: उड्डाण अभियंता पुलफर्ड, नॅव्हिगेटर टेरम, बिनतारी संदेशक हचिसन, बॉम्ब सोडणारे स्पॅफर्ड आणि तोफची डीअरिंग व ट्रेव्हर-रोपर. टेरम व डीअरिंग कॅनडाच्या, तर स्पॅफर्ड ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलातील होते. टेरम, हचिसन, स्पॅफर्ड व डीअरिंग हे चौघे सप्टेंबर १९४३ मध्ये डॉर्टमुंड-एम्स कालव्यावरील मोहिमेत नव्या कमांडरसह मारले गेले. पुलफर्ड फेब्रुवारी १९४४ मध्ये, तर ट्रेव्हर-रोपर त्याच वर्षी मार्चअखेरीस न्यूरेंबर्गच्या मोहिमेत मृत्यू पावले. सातांपैकी एकही जण युद्धाचा शेवट पाहू शकला नाही.

मृत्यू

१९ सप्टेंबर १९४४ रोजी ऱ्हाइट व म्योन्शेनग्लाडबाखवरील हल्ल्याचे दिग्दर्शन करून परतताना गिब्सन यांचे मॉस्किटो विमान नेदरलँड्समधील स्टीनबर्गन येथे कोसळले. त्यांच्यासोबत नॅव्हिगेटर वॉरिक होते. मोज्यावरील धोब्याच्या खुणेवरून गिब्सन यांची ओळख पटली. दोघांनाही गावातील कॅथलिक दफनभूमीत पुरण्यात आले. अपघाताच्या कारणाबद्दल मतभेद आहेत.

आत्मकथन व लष्करी नोंदी

'एनिमी कोस्ट अहेड' हे त्यांचे आत्मकथन १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. ६१७ स्क्वाड्रनचे सर्व वैमानिक आपण निवडले, असा समज त्यातून होतो. प्रत्यक्षात काही चमू केवळ बदलीने आले होते. त्यामुळे अभ्यासकांना पुस्तक व सरकारी दप्तर ताडून पाहावे लागते. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात स्क्वाड्रनच्या मोहिमांच्या नोंदवह्या आहेत. त्यांत प्रत्येक उड्डाणातील चमूची नावे, निघण्या-परतण्याच्या वेळा व कामगिरीचा सारांश असतो. युद्धात बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण मृत्यू पावले. त्यांतील बहुतेकांवर गिब्सन यांच्याप्रमाणे चरित्रे वा चित्रपट झाले नाहीत. अशा वैमानिकांच्या नातेवाइकांना आपल्या माणसाची अखेरची रात्र याच वह्यांतून कळते.