खडूच्या नळीतले रंग

संत्र्याची साल दाबली की तेलाचा बारीक फवारा उडतो. त्या तेलाचा पिवळा-केशरी रंग कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांचा. ती तेलात किती आहेत, हे प्रयोगशाळेत तेलातून प्रकाश सोडून मोजतात. कुठला प्रकाश किती शोषला गेला त्यावरून हिशेब लागतो. पण ही द्रव्यं एकमेकांत मिसळलेली. ती सुटी करायची युक्ती ज्याने काढली, त्या मिखाईल त्स्वेतची हकिगत वाचली आणि मैत्रिणींनो, बरेच दिवस ती माझ्या मनातून जाईना. रशियन भाषेत त्स्वेत म्हणजे रंग, हे आणखी नवल!

जन्म १८७२चा, इटलीतल्या आस्ती गावचा. वडील रशियन, आई इटालियन. ती लवकरच गेली. मुलगा स्वित्झर्लंडमध्ये वाढला, १८९६ मध्ये जिनिव्हाची डॉक्टरेट घेऊन रशियात आला, तर तिथे ती पदवी कुणी धरेना. पुन्हा अभ्यास, पुन्हा प्रबंध. लग्नानंतर परगावी जाऊन शून्यापासून सुरुवात करणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

वॉर्सात त्याने काय केलं? काचेच्या नळीत खडूची पूड ठासली, वरून पानांचा अर्क ओतला आणि मागून द्रावक सोडत राहिला. काही द्रव्यं खडूला चिकटून वरच राहिली, काही खाली सरकली. केशरी कॅरोटिन तर न थांबता उतरलं. हिरव्यागार दिसणाऱ्या अर्काचे नळीत हिरवे-पिवळे पट्टे पडले. एकेक पट्टा खरवडून, विरघळवून तो स्पेक्ट्रोस्कोपखाली तपासायचा. १९०६ मध्ये त्याने या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी म्हटलं. कॅरोटिनॉइड हे नावही त्यानेच १९११ मध्ये दिलं.

आणि कौतुक? छे! हा वनस्पतिशास्त्रवाला, याला रसायन काय कळतं, असाच सूर. खडूमुळे रंगच बिघडतात, अशी शंका बड्या मंडळींनी काढली. वनस्पतींच्या रंगांवरच्या कामासाठी १९१५चं नोबेल मिळालं ते जर्मनीच्या विल्स्टेटर यांना. त्याच वर्षी महायुद्धामुळे त्स्वेतला वॉर्सा सोडावं लागलं. गावोगाव फिरत, आजारी अवस्थेत व्होरोनेझला पोचला आणि १९१९ मध्ये ४७व्या वर्षी गेला.

विल्स्टेटर यांनी त्याच्या रशियन पुस्तकाचा जर्मन अनुवाद मात्र स्वतःसाठी करवून घेतला होता. तो पुढे त्यांचे शिष्य रिचर्ड कून यांच्याकडे गेला. त्यांच्या हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत एडगर लेडरर या तरुणाने तो वाचला, नळी भरली आणि १९३१ मध्ये गाजरातल्या कॅरोटिनचेही प्रकार वेगळे करून दाखवले. त्स्वेतला जाऊन तेव्हा १२ वर्षं झाली होती.