अर्ल एस. मॅकफर्सन

अर्ल स्टील मॅकफर्सन (१८९१–१९६०) हे अमेरिकन वाहन अभियंते होते. स्प्रिंग, धक्काशोषक आणि चाकाचा आधार या तिन्ही गोष्टी एकाच उभ्या खांबात आणणारी सस्पेन्शनची जी रचना ‘मॅकफर्सन स्ट्रट’ या नावाने जगभर ओळखली जाते, तिचे ते जनक मानले जातात. ही रचना त्यांनी जनरल मोटर्स या कंपनीत एका लहान व स्वस्त मोटारीसाठी आखली होती, परंतु ती मोटार बाजारात आलीच नाही. पुढे फोर्ड कंपनीच्या ब्रिटनमधील मोटारींतून ही रचना लोकांपर्यंत पोहोचली. खुद्द अमेरिकेतील मोटारींत ती रुळली, तेव्हा मॅकफर्सन यांच्या निधनाला जवळजवळ दोन दशके लोटली होती.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

मॅकफर्सन यांचा जन्म १८९१ मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील हायलँड पार्क येथे झाला. १९१५ मध्ये त्यांनी इलिनॉय विद्यापीठातून पदवी घेतली. त्या काळी डेट्रॉईट हे शहर मोटार उद्योगाचे केंद्र झाले होते. पदवीनंतर मॅकफर्सन तेथील चाल्मर्स मोटर कंपनीत रुजू झाले.

पहिल्या महायुद्धात त्यांनी अमेरिकन सैन्यातर्फे युरोपात सेवा केली. तेथे त्यांच्याकडे विमानांच्या इंजिनांशी संबंधित काम होते आणि ते कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. युद्धानंतर काही वर्षे ते लिबर्टी मोटर कार कंपनीत होते. १९२३ मध्ये ते ‘हपमोबील’ मोटारी बनवणाऱ्या कंपनीत गेले व सुमारे दहा वर्षे तेथे राहिले. १९३४ मध्ये ते जनरल मोटर्समध्ये दाखल झाले आणि लवकरच त्या कंपनीच्या शेव्हरोले विभागात रचना अभियंत्यांचे प्रमुख झाले.

कॅडेट प्रकल्प

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा, युद्धोत्तर काळात लोकांची ऐपत कमी होईल व त्यांना लहान, कमी खर्चाची मोटार हवी असेल, असा अंदाज अमेरिकेतील मोटार कंपन्या बांधत होत्या. त्यानुसार शेव्हरोलेने १९४५ मध्ये एका हलक्या मोटारीचा प्रकल्प हाती घेतला आणि त्याच्या मुख्य अभियंतापदी मॅकफर्सन यांची नेमणूक केली. या मोटारीला ‘कॅडेट’ असे नाव देण्यात आले. तिची किंमत १,००० डॉलरच्या आत ठेवायची आणि वजन सुमारे १,००० किलोग्रॅम ठेवायचे, असे उद्दिष्ट होते. मोटार चार माणसांची होती आणि तिला सुमारे २.२ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन होते.

स्वस्त मोटार म्हणजे मोठ्या मोटारीची काटछाट केलेली आवृत्ती, ही कल्पना मॅकफर्सन यांनी स्वीकारली नाही. त्या काळच्या स्वस्त मोटारींत निदान मागील चाके तरी एकाच अखंड आसाला जोडलेली असत. अशा रचनेत एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलते आणि धक्का संपूर्ण गाडीला बसतो. कॅडेटमध्ये मॅकफर्सन यांनी चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिले. परंतु त्या वेळच्या प्रचलित स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक अशा दोन भुजा, वेगळी स्प्रिंग आणि वेगळा धक्काशोषक लागत असे. सुटे भाग जितके जास्त, तितका खर्च जास्त. भाग कमी करून तेच काम साधायचे, या गरजेतून स्ट्रटची रचना आकाराला आली.

कॅडेटचे नमुने तयार झाले, पण युद्धोत्तर परिस्थिती अंदाजापेक्षा वेगळी निघाली. युद्धकाळात मोटारींचे उत्पादन थांबलेले असल्याने लोक मिळेल ती मोटार घेण्यास तयार होते आणि मोठ्या मोटारी सहज विकल्या जात होत्या. लहान मोटारीतून मिळणारा नफा तुटपुंजा होता. अखेर मे १९४७ मध्ये जनरल मोटर्सने हा प्रकल्प रद्द केला. त्याच वर्षी मॅकफर्सन यांनी कंपनी सोडली व ते फोर्डमध्ये गेले.

स्ट्रटची रचना

मॅकफर्सन यांच्या रचनेत वरची भुजा नाही. तिचे काम धक्काशोषकाची नळीच करते. चाकाचा आधार या नळीच्या खालच्या टोकाला घट्ट जोडलेला असतो. नळीभोवती कॉइल स्प्रिंग बसवलेली असते आणि खांबाचे वरचे टोक रबरी बैठकीतून थेट मोटारीच्या बॉडीला जोडलेले असते. खाली एकच आडवी भुजा चाकाला आत-बाहेर सरकू देत नाही. स्टिअरिंग फिरवले की संपूर्ण खांब स्वतःभोवती फिरतो.

या मांडणीत भागांची संख्या कमी होते, जोडणी सोपी होते आणि खांब उभा असल्याने इंजिनासाठी दोन्ही बाजूंना भरपूर जागा मिळते. आडव्या इंजिनाच्या लहान मोटारींना हा गुण पुढे फार उपयोगी पडला. शिवाय वरच्या व खालच्या जोडांत मोठे अंतर असल्याने बॉडीवर येणारा भार विखुरला जातो.

मर्यादाही आहेत. खांबाचे वरचे टोक पेलण्यासाठी बॉडीचा वरचा भाग मजबूत असावा लागतो. त्यामुळे वेगळ्या चासीवर बॉडी ठेवलेल्या जुन्या पद्धतीच्या मोटारींना ही रचना सोयीची नव्हती. खांब उंच असल्याने बॉनेट फार खाली आणता येत नाही. धक्काशोषकाच्या दांड्यावर बाजूने जोर येत असल्याने घर्षण वाढते, आणि ते कमी करण्यासाठी पुढील काळात स्प्रिंग किंचित तिरकी बसवण्याची पद्धत आली. चाक वर-खाली होताना त्याच्या कलण्यावर दोन भुजांच्या रचनेइतके नियंत्रणही राहत नाही.

फोर्डमधील कार्य

फोर्डमध्ये मॅकफर्सन यांना आपली कल्पना प्रत्यक्षात आणण्याची संधी मिळाली, ती अमेरिकेत नव्हे तर इंग्लंडमध्ये. फोर्डची ब्रिटिश शाखा लंडनजवळील डॅगनहॅम येथे नव्या मोटारींची आखणी करत होती. ‘कॉन्सल’ आणि ‘झेफर’ या त्या मोटारी ऑक्टोबर १९५० मध्ये लंडनच्या मोटार प्रदर्शनात मांडण्यात आल्या. कॉन्सलला चार, तर झेफरला सहा सिलिंडरचे इंजिन होते. दोन्हींना स्वतंत्र चासी नव्हती, म्हणजे बॉडी हाच सांगाडा होता. स्ट्रटला हवा असलेला भक्कम वरचा आधार त्यामुळे आपोआप मिळाला. या मोटारींत पुढच्या बाजूचा अँटी-रोल बार दुहेरी काम करत असे: वळणावर गाडी कलू नये म्हणून तो होताच, शिवाय चाक पुढे-मागे सरकू नये म्हणूनही त्याचाच उपयोग केला होता. एका भागाकडून दोन कामे करून घेण्याची मॅकफर्सन यांची दृष्टी येथे स्पष्ट दिसते. मागच्या चाकांना मात्र पूर्वीप्रमाणे अखंड आस आणि पाटेच होते. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन देण्याचा कॅडेटमधील विचार येथे अर्धाच उतरला.

१९५२ मध्ये मॅकफर्सन फोर्डचे मुख्य अभियंता झाले व पुढे अभियांत्रिकी विभागाचे उपाध्यक्षही झाले. त्यांच्या कार्यकाळात, १९५४ च्या अमेरिकन फोर्ड मोटारींत पुढच्या सस्पेन्शनसाठी बॉल जॉइंटचा वापर सुरू झाला. त्याच वर्षी १९३२ पासून चालत आलेल्या जुन्या व्ही-८ इंजिनाची जागा नव्या, वर व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाने घेतली. अमेरिकन फोर्ड मोटारी मात्र मोठ्या व चासीवर बांधलेल्या असल्याने त्यांत दोन भुजांचीच रचना कायम राहिली. ज्या कंपनीचे ते मुख्य अभियंता होते, तिच्या मायदेशातील मोटारींत त्यांच्या नावाची रचना त्यांच्या हयातीत आली नाही.

मॅकफर्सन १९५८ मध्ये निवृत्त झाले आणि १९६० मध्ये त्यांचे निधन झाले.

पेटंट व श्रेय

स्ट्रटसंबंधी मॅकफर्सन यांच्या नावावर दोन महत्त्वाची अमेरिकन पेटंटे आहेत. पहिल्याचा अर्ज १९४७ मध्ये, म्हणजे ते जनरल मोटर्समध्ये असताना झाला. त्यामुळे त्याचे हक्क त्या कंपनीकडे गेले. दुसऱ्याचा अर्ज फोर्डमध्ये आल्यावर १९४९ मध्ये झाला. दोन्ही पेटंटे १९५३ मध्ये मंजूर झाली. एकाच अभियंत्याच्या एकाच कल्पनेचे दोन टप्पे अशा रीतीने दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मालकीचे झाले.

ही कल्पना सर्वस्वी नवी होती असे म्हणता येत नाही. इटलीतील फिॲट कंपनीचे अभियंते ग्विदो फोर्नाका यांनी १९२० च्या दशकात याच धर्तीची रचना मांडली होती. विमानाच्या चाकांचे उभे, सरकते खांबही तत्त्वाने तिच्या जवळचे आहेत. मॅकफर्सन यांचे श्रेय कल्पनेच्या पहिलेपणापेक्षा तिला कारखान्यात मोठ्या संख्येने बनवता येईल असे साधे व स्वस्त रूप देण्यात आहे.

प्रसार

१९६० च्या दशकात युरोपातील कंपन्यांनी ही रचना झपाट्याने स्वीकारली. प्यूजो ४०४, बीएमडब्ल्यू १५०० आणि पोर्शे ९११ या मोटारींच्या पुढच्या चाकांना स्ट्रट होते. पोर्शेने त्यात कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार वापरला. ब्रिटिश अभियंते कॉलिन चॅपमन यांनी लोटसच्या मोटारींत मागील चाकांसाठी अशीच रचना वापरली. ती ‘चॅपमन स्ट्रट’ म्हणून ओळखली जाते. १९६९ ची फिॲट १२८ आणि १९७४ ची फोक्सवॅगन गोल्फ यांनी पुढचे इंजिन, पुढच्या चाकांना शक्ती आणि पुढे स्ट्रट ही मांडणी लहान मोटारींत रूढ केली.

अमेरिकेत फोर्डने १९७८ च्या ‘फेअरमाँट’मध्ये स्ट्रट वापरला, पण स्प्रिंग मात्र खांबापासून वेगळी, खालच्या भुजेवर ठेवली. ज्या शेव्हरोले विभागात या रचनेचा जन्म झाला, त्याची १९८० ची ‘सायटेशन’ ही मोटार पुढच्या स्ट्रटसह बाजारात आली. कॅडेट रद्द होऊन तेव्हा तीन दशकांहून अधिक काळ उलटला होता.

कॉइलओव्हरशी नाते

धक्काशोषकाभोवती स्प्रिंग बसवलेल्या कोणत्याही जोडीला ‘कॉइलओव्हर’ म्हणतात. दिसण्यातील साम्यामुळे मॅकफर्सन स्ट्रट आणि कॉइलओव्हर यांत गल्लत होते. स्ट्रट चाकाला जागेवर धरूनही ठेवतो, तर कॉइलओव्हर फक्त वजन पेलतो व हेलकावे शमवतो. चाक किंवा आस जागेवर ठेवण्यासाठी त्याला वेगळ्या भुजा लागतात.

हा फरक फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये बदल करताना निर्णायक ठरतो. जुन्या ट्रकांत व जीपमध्ये पुढचा अखंड आस पाट्यांवर असतो. हे पाटे वजन पेलतात, आसाला पुढे-मागे व बाजूला सरकू देत नाहीत आणि ब्रेक लावताना किंवा जोर देताना आसाला पीळ बसू देत नाहीत. पाटे काढून कॉइलओव्हर बसवले की यांतले फक्त पहिले काम भरून निघते. उरलेल्या कामांसाठी आसापासून चासीपर्यंत लांब भुजा आणि बाजूच्या हालचालीसाठी आडवा पॅनहार्ड रॉड बसवावा लागतो. हा रॉड व स्टिअरिंगचा आडवा दांडा शक्यतो समांतर आणि सारख्या लांबीचे ठेवतात, नाहीतर चाक वर-खाली होताना गाडी आपोआप वळू लागते. कॉइलओव्हरच्या वरच्या टोकासाठी चासीवर मजबूत बुरुज वेल्ड करावे लागतात, चाकाची हालचाल वाढल्याने ब्रेकच्या नळ्या लांब घ्याव्या लागतात आणि आस प्रमाणाबाहेर खाली लोंबू नये म्हणून पट्टे बांधतात. ही कामे अर्धवट सोडून केलेला बदल धोकादायक असतो. नीट केलेल्या बदलामुळे मात्र खडकाळ जमिनीवर चाके अधिक काळ जमिनीला टेकून राहतात.

भारतात

भारतातील रस्त्यांवर अनेक दशके ॲम्बॅसडर आणि मुंबईत कुर्ला येथे बनणारी प्रीमियर पद्मिनी या मोटारींचे वर्चस्व होते. त्यांची पुढची चाके स्वतंत्र असली, तरी त्यांत स्ट्रट नव्हता. महिंद्र कंपनीने मुंबईत जुळवलेल्या जीप पुढे-मागे पाट्यांवर चालत. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट होते. त्यानंतर देशात आलेल्या बहुतेक लहान मोटारींत हीच रचना वापरली गेली. सर्वसामान्य कुटुंबाला परवडणाऱ्या मोटारीसाठी आखलेला हा खांब भारतातही अशाच मोटारींतून घरोघरी पोहोचला.