न आखलेली सरहद्द

1866 साल. न्यूझीलंडच्या मनावाटू भागातलं घनदाट जंगल. पंचावन्नीला टेकलेला एक माणूस आपल्या दोन मुलांबरोबर झाडं तोडतोय, जमीन मोकळी करतोय, गाई सांभाळतोय. हातावर घट्टे, अंगावर चिखल. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा माणूस युरोपातल्या एका देशाचा पंतप्रधान होता. त्याआधी बिशप होता. आणि त्या देशाच्या पहिल्या लोकशाही राज्यघटनेचा कच्चा मसुदा यानेच लिहिला होता. देश डेन्मार्क, माणसाचं नाव डिटलेव गोथार्ड मोनराड.

स्ट्रॅटेजी गेममध्ये रात्री जागवणाऱ्या आणि ‘असं झालं असतं तर’ टाइपचे व्हिडिओ चवीने बघणाऱ्या मंडळींना मोनराड माहीत असायलाच हवा. कारण इतिहासातला एक भलामोठा ‘जर’ काही आठवडे अक्षरशः याच्या टेबलावर पडून होता.

मोनराडचा जन्म 24 नोव्हेंबर 1811चा, कोपनहेगनचा. वडिलांना मानसिक आजार होता, त्यामुळे लहानपण नातेवाइकांच्या आधाराने गेलं. पोरगा अभ्यासात मात्र जबरदस्त. धर्मशास्त्र शिकला, पूर्वेकडच्या भाषांचा नाद लागला, खरं तर प्राध्यापक होऊन निवांत जगला असता. पण तो काळ निवांत बसायचा नव्हता. राजेशाहीला वैतागलेल्या तरुण उदारमतवाद्यांच्या कंपूत तो शिरला, लिहू-बोलू लागला. 1848 मध्ये युरोपभर क्रांतीची लाट आली आणि डेन्मार्कच्या राजाने रक्ताचा थेंब न सांडता निरंकुश सत्ता सोडली. नव्या सरकारात छत्तिशीचा मोनराड मंत्री झाला. 5 जून 1849ला लागू झालेली डॅनिश राज्यघटना त्याच्याच मसुद्यावर उभी राहिली. त्या काळच्या युरोपच्या मानाने ती फारच पुढची होती. डेन्मार्कमध्ये आजही 5 जून हा घटना दिन असतो.

मग लोलान-फाल्स्टरचा बिशप झाला. 1854 मध्ये सरकारशी वाजलं आणि पद गेलं. पुन्हा राजकारण, पुन्हा मंत्रिपद. इथपर्यंतची गोष्ट यशस्वी माणसाची आहे. खरी भानगड पुढे आहे.

भानगडीचं नाव श्लेस्विग-होल्स्टाइन. डेन्मार्क आणि जर्मन मुलूख यांच्या मधल्या या दोन जहागिऱ्या. दोन्हींचा ड्यूक म्हणजे डेन्मार्कचाच राजा. होल्स्टाइन पूर्ण जर्मन भाषक आणि जर्मन राज्यसंघाचा सदस्य. श्लेस्विग त्या संघात नाही. त्याच्या उत्तरेला डॅनिश बोलणारे, दक्षिणेला जर्मन बोलणारे, पश्चिम किनाऱ्याला फ्रिजियन आणि मधल्या पट्ट्यात सगळी सरमिसळ. एकाच घरात आजी एक भाषा बोलते आणि नातू दुसरी, असा प्रकार. त्यात 1460 सालचं एक वचन होतं, की या दोन जहागिऱ्या कायम एकत्र राहतील. जर्मन राष्ट्रवादी या वचनावर बोट ठेवून दोन्ही मागत होते. डॅनिश राष्ट्रवादी म्हणत होते, होल्स्टाइन गेलं तर जाऊ दे, पण आयडर नदीपर्यंतचं आख्खं श्लेस्विग आमचं. मोनराड या दुसऱ्या गटातला.

मध्ये रेघ ओढून वाटून घेऊ, हा विचार दोन्हीकडच्या फार थोड्यांना रुचत होता. आणि मला विचाराल तर सगळ्या शोकांतिकेचं मूळ तिथेच आहे.

यावरून 1848 ते 1851 एक युद्ध होऊन गेलं होतं. त्यानंतर डेन्मार्कने बड्या सत्तांना शब्द दिला, की श्लेस्विगला होल्स्टाइनपेक्षा जास्त जवळ ओढणार नाही. नोव्हेंबर 1863 मध्ये नेमकं तेच करणारी नवी घटना कोपनहेगनमध्ये मंजूर झाली. दोनच दिवसांत, 15 नोव्हेंबरला, सही करायच्या आधीच राजा फ्रेडरिक सातवा वारला. वय 55, मूलबाळ नाही. (इथे पहिला ‘जर’ घ्या. हा राजा अजून दहा वर्षं जगला असता तर निदान वारसाहक्काचा वाद तरी तेव्हा पेटला नसता.) नवा राजा ख्रिश्चन नववा. सही करावी की नाही, या विचाराने बिचारा हैराण. राजधानीत लोक खवळलेले. त्याने 18 तारखेला सही केली आणि प्रशियाचा बिस्मार्क ज्याची वाट बघत होता ते आयतं त्याच्या हातात पडलं.

अशा वेळी, 31 डिसेंबर 1863ला, मोनराड पंतप्रधान झाला. घोळ घालणारे आधीचे बाजूला झाले होते आणि निस्तरायला हा पुढे आला. महत्त्वाकांक्षा होती, नाही असं नाही. पण ती खुर्ची तेव्हा इतरांना नकोशी होती, हेही खरं.

महिन्याभरात, 1 फेब्रुवारी 1864ला, प्रशिया आणि ऑस्ट्रियाच्या फौजांनी आयडर ओलांडली. डॅनिश लोकांचा सगळा भरवसा डानेविर्के या प्राचीन तटबंदीवर होता. शाळेतल्या पोरांनाही वाटायचं, इथून कोण आत येतंय? प्रत्यक्षात त्या हिवाळ्यात आजूबाजूचं पाणी गोठलं होतं आणि शत्रूला वळसा घालून मागे यायला वाट मोकळी होती. सेनापती दे मेझाने 5 फेब्रुवारीच्या रात्री तटबंदी सोडली आणि हजारो सैनिक बर्फातून उत्तरेकडे चालत सुटले. त्याने सैन्य वाचवलं. बक्षीस काय मिळालं? बडतर्फी. लोक चिडले होते आणि सरकारला बळीचा बकरा हवा होता.

पुढची जागा ड्युबोल. मातीच्या तटबंद्या, त्यावर महिनाभर तोफांचा मारा. तिथल्या सेनाधिकाऱ्यांना मागे हटायचं होतं. मोनराडचं सरकार म्हणत होतं, थांबा. कारण लंडनमध्ये शांतता परिषद भरणार होती आणि वाटाघाटींना बसताना ड्युबोल आपल्या हातात हवं होतं. परिषद लांबली. 18 एप्रिलला प्रशियाने हल्ला चढवला आणि काही तासांत सगळं संपलं. जवळपास पाच हजार डॅनिश सैनिक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. परिषद त्यानंतर एक आठवड्याने, 25 एप्रिलला सुरू झाली. वाटाघाटीतल्या पत्त्यासाठी माणसं खर्ची पडली आणि पत्ताही गेला. याचं ओझं मोनराडवरून कुणी उतरवू शकत नाही.

आणि तरीही लंडनमध्ये नशिबाने त्याला आणखी एक संधी दिली. युद्धविराम झाला. ब्रिटनने सुचवलं, श्लेस्विग वाटून घ्या. डेन्मार्कला दक्षिणेकडची, श्ली खाडी ते डानेविर्के अशी रेघ हवी होती. जर्मन बाजूला उत्तरेकडची, ओबेनरो ते टोनर. मधल्या पट्ट्यावर घासाघीस सुरू झाली. शेवटी ब्रिटनने प्रस्ताव ठेवला, की कुठल्या तरी तटस्थ सत्तेला लवाद करू आणि तिला मधे रेघ मारू दे.

ख्रिश्चन राजाला तडजोड हवी होती. निर्णायक बैठकीत पंतप्रधानाने ठाम सल्ला द्यायचा असतो. मोनराडने दोन्ही पर्याय राजापुढे ठेवले आणि आपण राजीनाम्याला तयार आहोत असं सांगितलं. म्हणजे चेंडू राजाच्या कोर्टात. राजा परक्या घराण्यातून आलेला, जर्मनधार्जिणा म्हणून आधीच संशयाचा धनी. एकट्याने तडजोड करायची त्याची छाती झाली नाही. त्याने मोनराडला ठेवून घेतलं आणि लवादाला नकार गेला. 25 जूनला परिषद मोडली, 29 जूनला प्रशियाने आल्स बेट घेतलं. 11 जुलैला मोनराड सत्तेबाहेर होता.

30 ऑक्टोबरच्या व्हिएन्ना तहात श्लेस्विग, होल्स्टाइन आणि लाउएनबुर्ग सगळंच गेलं. सुमारे 26 लाखांच्या राज्यात 16 लाख उरले. दोन लाखांच्या आसपास डॅनिश माणसं प्रशियाच्या हद्दीत अडकली.

आता मोठा ‘जर’. मोनराडने जूनमध्ये हो म्हटलं असतं तर?

हातात आलं असतं ते उत्तर श्लेस्विग तरी नक्की, कदाचित फ्लेन्सबुर्ग शहरही. तिथल्या मुलांच्या शाळांतून डॅनिश भाषा हद्दपार झाली नसती. हजारो तरुण प्रशियाची लष्करभरती चुकवायला घरदार सोडून गेले नसते. पहिल्या महायुद्धात जर्मन गणवेशात, जर्मनीसाठी, पाच हजारांहून अधिक उत्तर श्लेस्विगकर मेले, ते मेले नसते. 1920 मध्ये सार्वमत झालं आणि उत्तरेतल्या सुमारे 75 टक्के लोकांनी डेन्मार्क निवडला, मधल्या पट्ट्याने फ्लेन्सबुर्गसह जर्मनी. त्यातून जी सीमा आली ती 1864च्या त्या दोन रेघांच्या मधलीच आहे. म्हणजे लवादाने जे कदाचित दिलं असतं, त्यासाठी 56 वर्षं थांबावं लागलं.

पण थांबा, नाण्याला दुसरी बाजू आहे. लवादाची रेघ ही लंडनच्या टेबलावर, लोकांना न विचारता मारलेली असती. फ्लेन्सबुर्गमधले हजारो जर्मन भाषक डेन्मार्कमध्ये अडकले असते आणि प्रत्येक जर्मन सरकारकडे एक तयार तक्रार राहिली असती. हिटलरच्या हातात ती पडली असती तर काय, हा विचार करून बघा. त्याने 1940 मध्ये डेन्मार्क व्यापला, पण 1920ची सीमा हलवली नाही. मतपेटीतून आलेली सीमा खोडणं अवघड जातं. म्हणून ‘मोनराडने हो म्हटलं असतं तर सगळं गोड झालं असतं’ असं मी म्हणणार नाही. आल्सवर मेलेली पोरं मात्र नक्की वाचली असती, आणि जून 1864 मध्ये त्याच्यासमोर प्रश्न तेवढाच होता.

2014 मध्ये डॅनिश टीव्हीवर या युद्धावरची एक महागडी मालिका आली. तिच्यातला मोनराड जवळजवळ वेडसर दाखवलाय आणि त्यावरून तिकडे बराच वाद झाला. त्याच्या मनाचे चढउतार इतिहासकारांनीही मांडलेत. पण त्याला वेडा ठरवलं की बाकीचे सुटतात. घटना मंजूर करणारी संसद, रस्त्यावर ओरडणारी गर्दी, वर्तमानपत्रं. इतक्या शहाण्या लोकांनी मिळून केलेली चूक एकट्याच्या माथी मारणं सोयीचं आहे.

मोनराड 1865च्या अखेरीस बायको एमिली आणि मुलांना घेऊन निघाला तो थेट पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. कारेरे इथे त्याने जमीन घेतली. मुळात ती माओरींची भूमी, आपला मुलूख गमावलेला माणूस दुसऱ्यांच्या मुलखात वसत होता. शेजारी नवं गाव वसत होतं आणि त्याला नाव दिलं होतं पामर्स्टन. हा लॉर्ड पामर्स्टन कोण? 1863 मध्ये ब्रिटिश संसदेत डेन्मार्क एकटा पडणार नाही असं सुचवणारा आणि ऐन युद्धात एकही जहाज न पाठवणारा ब्रिटनचा पंतप्रधान! मोनराडला रोज त्या नावाच्या सावलीत राबावं लागलं. पटकथाकाराने असं लिहिलं असतं तर आपण जास्तच होतंय म्हटलं असतं.

तीन वर्षांत तिकडे माओरी आणि वसाहतवाल्यांच्या लढाया जवळ आल्या आणि 1869 मध्ये तो परत फिरला. जाताना रेम्ब्रांट, ड्यूरर अशा चित्रकारांच्या सुमारे 600 मुद्राचित्रांचा आपला संग्रह त्याने न्यूझीलंड सरकारला देऊन टाकला. आज तो वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे.

डेन्मार्कमध्ये तो आधी साध्या गावाचा पाद्री झाला, 1871 मध्ये पुन्हा त्याच लोलान-फाल्स्टरचा बिशप. प्रार्थनेवर त्याने लिहिलेलं पुस्तक लोकांनी खूप वाचलं. सत्तरी ओलांडल्यावर 1882 मध्ये तो परत संसदेत निवडून आला. 28 मार्च 1887ला गेला. तेव्हा उत्तर श्लेस्विग प्रशियाकडेच होतं.

व्हिगो आणि योहानेस ही दोन मुलं मात्र कारेरेलाच राहिली. त्यांच्या मागोमाग 1871 मध्ये स्कँडिनेव्हियातून वसाहतवाल्यांची पहिली तुकडी तिथे उतरली. त्या गावाचं आता शहर झालंय, पामर्स्टन नॉर्थ. तिथे मोनराडच्या नावाची एक शाळा आहे आणि एक बागसुद्धा.