रघुनाथ धोंडो कर्वे : संततिनियमनाचे मराठी विवेचक

प्रास्ताविक

मराठी वैचारिक गद्याच्या अभ्यासात आगरकरांच्या बुद्धिवादी परंपरेचा पुढील टप्पा म्हणून र. धों. कर्वे यांचा विचार करावा लागतो. मानवी शरीर व प्रजनन हा त्यांच्या लेखनाचा विषय होता. प्रस्तुत घटकात त्यांचे जीवन समजून घेताना त्यांच्या काळी शास्त्र कोठवर पोहोचले होते आणि त्यांच्या पश्चात त्यात कोणती भर पडली, हेही आपण पाहणार आहोत.

जीवन व कार्य

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. स्त्रीशिक्षणाचे अध्वर्यू महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र. ते नऊ वर्षांचे असताना त्यांच्या मातोश्री राधाबाई यांचे बाळंतपणात निधन झाले. त्या काळी असा मृत्यू घरोघरी परिचयाचा होता आणि तो दैवाच्या माथी मारला जाई. वारंवार येणारे गर्भारपण टाळता येते व ते टाळण्याचा निर्णय स्त्रीला घेता आला पाहिजे, हा विचार पुढे रघुनाथरावांच्या जीवनकार्याचा गाभा ठरला.

पुण्यात शिक्षण पूर्ण करून ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही याच वर्षी. कर्व्यांचे विचार महाविद्यालयाच्या चालकांना मानवले नाहीत व त्यांना प्राध्यापकपद सोडावे लागले. पत्नी मालतीबाई यांनी संसाराचा आर्थिक भार उचलला. या दांपत्याने विचारपूर्वक अपत्य होऊ दिले नाही. त्यासाठी रघुनाथरावांनी स्वतःवर शस्त्रक्रिया करवून घेतली.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. तरीही न्यायालयाने त्यांना २०० रुपये दंड केला. मासिक मात्र १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत चालू राहिले.

शास्त्राची तत्कालीन स्थिती

कर्व्यांच्या हाती असलेली साधने प्रामुख्याने अवरोधक स्वरूपाची होती. शुक्रजंतू व स्त्रीबीज यांची भेट होऊ न देणे एवढेच त्यांचे कार्य. शरीरातील संप्रेरकांचे, म्हणजेच हार्मोन्सचे, ज्ञान तेव्हा आकार घेत होते. 'समाजस्वास्थ्य' प्रसिद्ध होत असतानाच १९२९ मध्ये इस्ट्रोजेन व १९३४ मध्ये प्रोजेस्टेरॉन वेगळे करण्यात शास्त्रज्ञांना यश आले.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे अंडाशयातील बीज पक्व होऊन बाहेर पडते. अंडाशयातील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचे अस्तर तयार करतात आणि पीयूषिकेच्या कार्यावरही नियंत्रण ठेवतात. या दोहोंसारखी द्रव्ये गोळीतून दिली असता पीयूषिकेचा संदेश मंदावतो व बीज बाहेर पडत नाही. अशी गोळी अमेरिकेत १९६० मध्ये मान्य झाली. तेव्हा कर्व्यांच्या निधनास सात वर्षे होत आली होती. अपत्यप्राप्तीच्या उपचारांत याच यंत्रणेला उलट चालना देतात : संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी एका वेळी अनेक बीजे पक्व करतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा व सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून नळीबालिकेचा जन्म झाला, तो याच ज्ञानशाखेच्या प्रगतीमुळे.

भाषिक योगदान

'संततिनियमन' या शब्दात निषेध नाही, नियमन आहे. संतती नको असे तो म्हणत नाही. ती केव्हा व किती हे ठरविण्याचा अधिकार तो सूचित करतो. आडपडदा न ठेवता, गणिती क्रमाने व कारणे देत लिहिणे ही कर्व्यांची शैली होय. लज्जेमुळे जे बोलले जात नसे, त्यासाठी त्यांनी मराठीत शास्त्रीय चर्चेची भाषा रुळवली.

समारोप

आज परभणी जिल्ह्यातील पोखर्णीसारख्या गावातील स्त्रीला आशा कार्यकर्तीकडून माला-एन गोळ्या मिळू शकतात. दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे अंतरा इंजेक्शन शासकीय आरोग्यसेवेत उपलब्ध आहे. गोळी कोणास चालेल, कोणास नाही, हे आरोग्य तपासणीनंतरच ठरते. म्हणून स्त्रीने मोकळेपणाने विचारणे व तिला समजेल अशा मराठीत उत्तर मिळणे आवश्यक असते. साधने बदलली, तरी कर्व्यांनी हाती घेतलेले हे काम अद्याप संपलेले नाही.

स्वाध्याय

१. 'संततिनियमन' व 'कुटुंबनियोजन' या शब्दांच्या अर्थच्छटांची तुलना करा.
२. र. धों. कर्वे यांच्या कार्याला झालेल्या विरोधाचे स्वरूप स्पष्ट करा.